सापडलं तर रंग चुकला

१

मी सांगतोय ती गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्या नखांत बसलेल्या वॉर्निशाची शपथ. ते कुठल्याच साबणाने निघत नाही, तेव्हा शपथ किती पक्की असेल ते तुम्हीच ठरवा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आता डोळ्यांसमोर म्हणजे, निम्म्या वेळा मी तिथे नव्हतो. आणि उरलेल्या निम्म्या वेळा, तिथे असूनही मला काही दिसलं नाही. पण तीच तर या गोष्टीतली भानगड आहे, त्यामुळे एवढ्यावरून मला खोट्यात काढू नका.

मला ओळखणारे आताच एकमेकांना कोपराने ढोसत असतील. माझी कीर्तीच तशी आहे. लाकडावरचा जुना रंग काढणं, नवा चढवणं, पॉलिश करणं हा माझा उद्योग. खोक्याच्या फळीला शिसवीची ऐट आणून देण्यात जन्म गेला. तोंडालाही तीच सवय लागली असेल तर त्यात माझा काय दोष? पण ही गोष्ट मी पॉलिश न करता सांगणार आहे. ताईने माग रंगवायला दिला, मी रंगवला. झालं. इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण ताईच्या कुठल्याही कामात इथेच थांबता येत नाही.

२

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं ताईनेच. त्यामुळे माझे केस पांढरे झाले तरी ती माझ्याशी 'नाक पूस आधी' याच सुरात बोलते. तिने आयुष्यभर एका विणकाम केंद्रात बायकांना मागावर विणायला शिकवलं. केंद्र बंद पडलं तेव्हा लोकांनी निरोपाला घड्याळं, पिशव्या नेल्या. ताईने एक जुना लाकडी माग मागून घेतला आणि घराच्या मागच्या खोलीत उभा केला.

खोली लहान. एकच खिडकी, खिडकीबाहेर झाड. दुपारी त्या झाडातून गाळून उजेड आत येतो आणि भिंतीवर हलत राहतो. त्या भिंतीला लागून माग. पलंगाएवढा रुंद, माझ्या डोक्याच्या वर जाणारा. चार जाड खांब, मध्ये दोरे सारखे करणारी फणी, खाली पायाने दाबायच्या पावड्या, पुढे विणलेलं कापड गुंडाळत जाणारा रूळ आणि बसायला एक फळी. रंग म्हणाल तर शाळेतल्या बाकांना असतो तो मेणचट तपकिरी. डोळे मिटून खोलीत शिरलात तरी तो माग तुम्हाला दिसला असता, इतका तो जागा अडवून बसला होता.

भावजी गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते गेल्यापासून ताईच्या घरी माणसांची जी रीघ लागली ती काही थांबेना. खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांना आम्ही भावंडं आपसात 'चौकशी' म्हणतो. त्या उठल्यासुटल्या वर यायच्या. जेवलात का, झोप लागली का, रडायला येतं का, नाही येत तर का नाही येत. भाची, म्हणजे ताईची मुलगी, दूरच्या शहरात असते. तिचा फोनवर एकच धोशा: घर बंद कर आणि माझ्याकडे येऊन राहा. ताईला जायचं नव्हतं, आणि नाही म्हणून भांडायचं त्राणही उरलं नव्हतं. ती सगळ्यांना हो हो म्हणायची आणि दर भेटीत मला थोडी कमी झालेली वाटायची. आवाज कमी, जेवण कमी, खुर्चीत बसली तर खुर्ची जास्त आणि ती कमी. ताईशिवाय मला जुनं कुणी उरलेलं नाही. ती अशी विरत चालली तर धरून कशी ठेवायची, हे मला कळत नव्हतं. तिला पुन्हा मागावर बसवायचं, एवढंच सुचत होतं.

म्हणून एक दिवस ती आपण होऊन म्हणाली की माग रंगवून दे, तेव्हा मी चहाचा कप ठेवायच्या आत हो म्हटलं. आणि मग विचारलं की कुठला रंग. ती म्हणाली, निसर्गातला.

आता मला सांगा, गिऱ्हाइकाने असं म्हटल्यावर माणसाने काय करावं? मी म्हटलं, ताई, निसर्गात पोपट असतो, टोमॅटो असतो, मोरही असतो. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "ओरडणारे रंग नकोत. गप्प बसणारे दे. मला आणि मागाला, दोघांनाही कुणी सारखं बघायला नको."

३

खरवडायची पत्ती घेऊन मी तो तपकिरी काढायला लागलो. नुसत्या पॉलिश पेपरला तो दाद देत नव्हता. खाली आणखी तपकिरी, त्याच्या खाली आणखी. केंद्राने दर वर्षी वरून हात मारलेला असणार. शेवटी लाकूड उघडं झालं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, अस्तर दिलं. इथपर्यंत सगळं सरळ.

मग ताई बाहेरून वस्तू आणायला लागली. झाडाच्या सालीचा तुकडा. कुंपणाच्या भिंतीवरचं सुकलेलं शेवाळ. जाळी पडलेलं पान. ओढ्यातला एक गोटा. कुठल्याशा पक्ष्याच्या अंड्याचं ठिपक्याठिपक्यांचं टरफल. खिडकीत मरून पडलेला एक राखाडी पतंग, पंख पसरलेला. एकेक वस्तू माझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, हा रंग.

माझी रंग जुळवायची एक रीत आहे. पिवडी, गेरू, काजळी, खडूची पूड जवसाच्या तेलात घोटायची, थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, फुंकर मारून वाळवायचा आणि उजेडात धरायचा. गिऱ्हाईक मान डोलावतं, काम पुढे जातं. ताईने माझ्या नखाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची रीत रफू करणाऱ्यांची. फाटक्या कापडाला दोरा जुळवायचा तर तो दोरा कापडावर टाकून ठेवायचा आणि लांब जाऊन शोधायचा. चटकन सापडला तर चुकला. हरवला तर बरोबर. ती रीत तिने लाकडाला लावली. मी खांबाला रंगाचा हात दिला की वाळल्यावर ती सालीचा तुकडा त्याच्यावर चिकटवायची, दारापर्यंत मागे जायची आणि मला विचारायची, कुठे आहे?

मी बोट दाखवायचो. ती म्हणायची, सापडलं तर रंग चुकला, पुन्हा कर.

मी किती वेळा पुन्हा केला ते विचारू नका. घरी बायको म्हणाली की परक्या गिऱ्हाइकाला असं कधी ऐकून घेतलं नसतं. मी म्हटलं, परकं गिऱ्हाईक मला ताटावरून उठवून हात धुवायला लावत नाही. त्यात ताईला एकाच खांबावर एक रंग पुरेना. खालून साल, वर चढत चढत शेवाळ, त्यात टरफलाचे ठिपके, वरच्या आडव्या दांडीवर पतंगाचा राखाडी. मी वैतागून रंगाचा डबा आपटला, थोडा सांडला, आणि सांडलेला पुसायला गेलो तर कुठे सांडला होता ते सापडेना. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. उलट वाटलं, रंग जमायला लागला.

४

सालीचा तुकडा हरवला. पान हरवलं. गोटा फळीवर ठेवला, तोही हरवला. ताई प्रत्येक वेळी खूश. दारातून बघून दोघांनाही सापडलं नाही की ती जवळ जायची, हाताने चाचपून वस्तू उचलायची आणि पुढचा रंग सांगायची. तिच्या गालांवर जरा रंग आला होता. ती पोटभर जेवायलाही लागली होती, आणि मी स्वतःवर खूश होतो, ते कशाला लपवू?

पतंगाची पाळी आली. वरच्या दांडीवर राखाडी वाळला, ताईने पतंग ठेवला, आम्ही दारात गेलो. मला दिसला नाही. तिला दिसला नाही. रंग बरोबर. ती स्टुलावर चढून तो उचलायला गेली आणि चाचपतच राहिली. मग मी चढलो. सगळी दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी पुसून काढली. पतंग नव्हता.

मी म्हटलं, पडला असेल. खाली बघितलं. वाऱ्याने गेला असेल, तर वारा नव्हता. मेलेला पतंग उडून जात नाही, तेव्हा तो मेलेला नसणार, असं मी ताईला पटवून दिलं. मला सगळ्यांना सगळं पटवता येतं. ती म्हणाली, असेल, आणि मला दांडीच्या कोपऱ्यात आणखी एक हात द्यायला सांगितला.

मग माझा चांगला ब्रश गेला. मग चष्म्याचं घर. मग पॉलिश पेपरचा अख्खा गठ्ठा. दर वेळी ती वस्तू मी मागाच्या फळीवर ठेवलेली असायची. मी ताईवर चिडायचो की तू आवरून ठेवतेस, ती माझ्यावर चिडायची की तू लहानपणापासून असाच आहेस. आणि माझे गुडघे! खोलीत शिरलो की खांबावर आपटायचे. एवढं धूड, मी स्वतः रंगवलेलं, आणि मी रोज त्याच्यावर जाऊन धडकत होतो. चष्म्याचा नंबर वाढला असणार म्हणून तपासून आलो. वाढला नव्हता.

५

रंग पुरा झाला त्या दिवशी चौकशी वर आल्या. मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, "काढून टाकलात का माग? बरं केलंत. खोली कशी मोकळी दिसते."

माग त्यांच्या समोर होता. मी ताईकडे पाहिलं. तिने मला डोळ्याने दटावलं आणि म्हणाली, हो, काढला. चौकशी जराशा रेंगाळल्या, नवीन विचारायला काही न सापडल्यासारख्या, आणि खाली गेल्या. त्या गेल्यावर ताई हसली. भावजी गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. पोट धरून हसली. मीही हसलो. ही गोष्ट मी तेव्हा दहा जणांना वाढवून सांगितली आणि कुणालाच खरी वाटली नाही, हे ओघाने आलंच.

ताईने ताणा भरला, म्हणजे उभे दोरे चढवले, आणि विणायला बसली. आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याचा खट्, मग फणी ठोकल्याचा ठप्प, मग पावडीची करकर. त्या आवाजाने घराला पुन्हा घरपण आलं. मी दुपारचा जायचो, स्वयंपाकघरात बसून तो ऐकायचो.

अशाच एका दुपारी ती दोरे आणायला दुसऱ्या खोलीत गेली होती आणि मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो होतो. खिडकीतून एक चिमणी आत आली. भिंतीशी घिरट्या घातल्या, आणि बसली. वरच्या दांडीवर बसली असणार, कारण तिथेच काहीतरी असायला हवं होतं. ती दोनदा चिवचिवली. मी वाट पाहत राहिलो. चिमणी एवढा वेळ एका जागी बसत नाही. मी टाळी वाजवली. उडाली नाही. उठून खिडकीपाशी गेलो, तिथून पाहिलं, खालून पाहिलं. आणखी एकदा चिवचिव झाली, जरा दबकी, कुणी मुठीत धरल्यासारखी, आणि मग झाली नाही.

ताई आली. मी सांगितलं. ती म्हणाली, गेली असेल उडून, तुझं लक्ष नसेल.

माझं लक्ष होतं. मी विणलेल्या कापडावरून हात फिरवला. एका जागी बोटांना ऊब लागली. ऊन पडलं असेल तिथे. पडलं होतं का, ते पाहायचं राहिलं.

६

निसर्गाचे रंग लोकांना शांत वाटतात. मलाही वाटायचे. पण जरा डोकं चालवलं तर गप्प बसणारा प्रत्येक रंग काही तरी कामाला लावलेला असतो. सालीसारखा दिसणारा किडा स्वतःला वाचवायला तसा असतो. पानासारखा दिसणारा दुसरा एखादा, समोरचा जवळ यावा म्हणून. आम्ही दोन्ही प्रकारच्यांकडून रंग उचलले आणि एका लाकडावर लावले. मग त्या लाकडाला कुठला गुण लागला असेल? हा विचार मला आला आणि मी तो झटकला, कारण मी पॉलिशवाला आहे आणि लाकडाला भूक लागत नाही.

तरीही मी एक केलं. कपाटातली एक लालभडक चिंधी घेतली आणि मागाच्या पुढच्या खांबाला डोळ्यांच्या उंचीवर बांधली. ताईला म्हटलं, माझ्या गुडघ्यांसाठी.

दोन दिवसांनी गेलो. दारातूनच आवाज येत होता. खट्, ठप्प, करकर. मागच्या खोलीत गेलो तर खोली रिकामी. भिंत होती, भिंतीवर झाडाचा उजेड हलत होता. चिंधी नव्हती. आणि ताई नव्हती.

"ये," ताई म्हणाली.

मी म्हटलं, कुठे आहेस? ती म्हणाली, इथेच की, कुठे जाणार? आणि तिने हात हलवला असावा, कारण भिंतीतून एक मनगट सुटं झालं, मग कोपर, मग चष्म्याची काच चमकली, आणि मला ती दिसली. फळीवर बसलेली. खांद्यावर तिने मागावरच विणलेलं नवं पांघरूण. हातांना कोपरापर्यंत रंग लागलेला. माझ्या डब्यांत उरलेला रंग ती इथे तिथे लावत होती म्हणे, दांडीवर, पावड्यांवर. चिंधीवरही. "ती फार ओरडत होती," म्हणाली.

मी रागावलो. एरवी माझी तिच्यावर रागवायची छाती होत नाही, पण त्या दिवशी रागावलो. पतंग, ब्रश, चिमणी, सगळं काढलं. म्हटलं, हा रंग मी उद्या खरवडून काढतो आणि पुन्हा तपकिरी मारतो, बाकासारखा. ती धोटा फेकत राहिली. शेवटी म्हणाली, "अरे, वर्षभर मला प्रत्येक जण बघत होता. कशी उठते, कशी बसते, डोळे सुजलेत का. इथे बसलं की कुणी बघत नाही. मला किती हलकं वाटतं तुला काय सांगू."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुझी लेक येते आहे तुला न्यायला.

"येऊ दे की," ताई म्हणाली. "सापडले तर घेऊन जा म्हणावं."

ती थट्टा करत होती. ताईची थट्टा मला कळते. मी उठलो, स्वयंपाकघरात तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, परत येऊन पाहिलं तर फळीवर कुणी नव्हतं आणि विणण्याचा आवाज चालू होता.

७

भाचीचा फोन आला तेव्हा मी एका दुकानाचं काउंटर घासत होतो. आई फोन उचलत नाही, म्हणाली. मी रात्रीच्या गाडीने निघते आहे मामा, तू आत्ता जाऊन बघ.

मी खरवडायची पत्ती खिशात घातली आणि गेलो. जिन्यात चौकशी भेटल्या. त्यांनीही बेल वाजवून पाहिली होती. वरून ठोकाठोकीचा आवाज येतो, म्हणाल्या, पण कुणी दार उघडत नाही. तुमच्या ताई गावाला गेल्या आहेत आणि घरात सुतार बसवलाय का?

माझ्याकडे किल्ली होती. स्वयंपाकघरात मी मागे भरलेला तांब्या तसाच होता. वर धुळीचा पापुद्रा. मागच्या खोलीत खट्, ठप्प, करकर. मी हाक मारली. आवाजाची लय जरा चुकली, जसं कुणी काम करता करता मान वर करावी.

मी डोळे बारीक केले. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या. पावड्या मला कळल्या, कारण त्या हलत होत्या. भिंतीचा एक तुकडा खाली जायचा, दुसरा वर यायचा. त्यांच्यावर पाय असायला हवे होते. त्याच्या वर, जिथे तिचा चेहरा असायला हवा तिथे, उजेडाचे ठिपके हलत होते. झाडाची पानं हलली की ठिपके हलत. मग वारा पडला, सगळे ठिपके थांबले, आणि त्यातले दोन मिटले आणि उघडले.

मी काही धावलो नाही, की किंचाळलो नाही. मला भयंकर राग आला. या बाईने मला आयुष्यभर 'तू सगळं हरवतोस' म्हणून ऐकवलं होतं.

मी पत्ती काढली, चाचपत पुढे गेलो, पुढचा खांब हाताला लागला आणि खरवडायला सुरुवात केली. रंगाचे पापुद्रे पडायला लागले, खालून जुना तपकिरी वर आला, आणि जिथे तपकिरी आला तिथे खांब आला, मग दांडी आली, मग फळी, आणि फळीवर ताई आली. चष्मा कपाळावर, तोंडाचा पट्टा चालू. एवढ्या मेहनतीचा रंग, म्हणे, आणि जनावरासारखा ओरबाडतोस. मी ऐकून घेतलं. मी चहा केला, तिने तो पातळ झाला म्हणून नावं ठेवत प्यायला. दुसऱ्या दिवशी भाची आली, मायलेकी गळ्यात पडल्या, भांडल्या, आणि ताई थोडे दिवस तिच्याकडे जायला तयार झाली. माग आता माझ्या कारखान्यात आहे, बाकासारखा तपकिरी, येणारे-जाणारे त्याच्यावर डबे ठेवतात आणि डबे जागच्या जागी राहतात.

८

हे शेवटचं सांगितलं ते माझ्या पदरचं आहे.

तपकिरी रंग वर आला तो, फळीवर ताई आली ती, पातळ चहा. सांगताना तिथे आलो की तोंड आपोआप वळतं. इतक्या जणांना तसंच सांगितलंय की मलाही कधीकधी चहाची चव आठवते. चिमणी खरी आहे, चिंधी खरी आहे. मिटले ते दोन ठिपके खरे आहेत. त्यापुढचं असं.

मी पत्ती काढली नाही. दारातच बसून राहिलो, रात्र गेली, सकाळ झाली, भाची आली. ती बॅग हातात तशीच घेऊन घरभर फिरली. मागच्या खोलीत आली आणि अगदी मागासमोर उभी राहिली. ती आत आली तेव्हाच खट् थांबलं होतं. मी वाट पाहत होतो. मला वाटलं होतं, लेकीला समोर पाहिल्यावर ताई हात तरी हलवेल. भाची खोलीभर बघत होती. म्हणाली, मामा, आई कुठे गेली रे? आणि माग पण विकला का तिने? मग ती रडायला लागली, लहान असताना रडायची तशी, तोंड उघडून. तिच्यापासून हातभर अंतरावर कुणी तरी श्वास रोखून धरला होता. तो रोखलेला मला ऐकू येत होता.

मी तिला काय सांगणार होतो? माझ्या तोंडून कुणाला काय खरं वाटणार? भाची डोळे पुसून खाली चौकशींकडे विचारायला गेली. ती जिना उतरली, आणि खट् पुन्हा सुरू झालं.

तेव्हा मी पत्ती काढली. गुडघ्यांवर सरकत पुढे गेलो. हाताला खांब लागला. लाकूडच होतं, इतकी वर्षं हात फिरवतोय, लाकूड मला कळतं. गुळगुळीत, उभ्या रेषांचं, जरासं कोमट. मी पत्ती टेकवली आणि एकदाच, हलक्या हाताने ओढली. केसाएवढी पातळ साल धारेवर आली.

विणणं थांबलं.

"हळू रे," ताई म्हणाली, अगदी पत्तीपाशी. "लागतं."